मोज्यांची टोकं मिटणारी मथुरा

मोजे विकत घेताना माणूस रंग बघतो, किंमत बघतो, दोन्ही हातांनी ताणून बघतो. टोकाला आतून बोट कोणी फिरवत नाही. खरी परीक्षा असते तिथे. बोटांच्या वर आतल्या बाजूने एक आडवा जोड असतो. तो जाड असला की दिवसभर बुटात करंगळीला टोचत राहतो, आणि माणूस बिचारा बुटाला शिव्या देतो. आमच्या घरच्या मोज्यांत तो जोड नसतो. म्हणजे असतो, पण बोटाला सापडत नाही. शोधून दाखवतो म्हणून पैज लावणारी माणसं मी हरताना पाहिली आहेत. माझा नवरा क्लेटनसुद्धा हरला, आणि तो तर याच घरात वाढलेला.

हे कसब मथुरामावशीचं. नंदाखालला आमच्या ओटीवर माझी सासू डेल्फिन हातमशीनवर मोजे विणायची आणि तिच्यासमोर पाटावर बसून मथुरामावशी त्यांची टोकं मिटायची. मशीनमधून मोजा उतरतो तेव्हा टोकाशी उघडाच असतो, सुयांवरून सुटलेले सगळे टाके मोकळे. ते बोथट टोकाच्या सुईने समोरासमोर असे गुंतवायचे की विणीतलीच एक ओळ वाटावी. एक टाका निसटला तर मोजा उसवत मागे जातो. डेल्फिन कधी त्या सुईला हात लावत नसे आणि मथुरामावशी मशीनच्या हँडलला. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, हा कामाचा काही नियम असेल. नियम कसला, दोघींचा हट्ट होता. (सासूला मी तोंडावर आय म्हणते आणि मागे डेल्फिन. तिला ते ठाऊक आहे.)

मशीन म्हणजे लाकडी मेजाला कसून बसवलेलं एक लोखंडी नळकांडं. त्याच्या कडेने उभ्या सुया, प्रत्येक सुईच्या तोंडाशी इवलीशी हलती जीभ. हँडल फिरवलं की सुया एकामागून एक वर येतात, सूत पकडतात, खाली जातात, आणि नळकांड्याच्या पोटातून विणलेली नळी हळूहळू उतरू लागते. ती ताठ राहावी म्हणून खाली वजन टांगलेलं. आमच्याकडे या मशीनला रहाट म्हणतात. वाडीतल्या विहिरीवर पूर्वी रहाट असायचा, त्याची गाडगी अशीच गोल फिरत पाणी वर आणायची. तो रहाट गेला, त्याच्या जागी पंप आला. घरातला रहाट राहिला.

मी काही नवीन गोष्टींच्या नावाने बोटं मोडणारी बाई नाही. पण त्या दिवसांची आठवण आली की माझं काळीज हलतं, हे खोटं कशाला सांगू. एप्रिल-मे महिन्यांत लहान पोरांचं पहिलं कम्युनियन असायचं आणि आमच्या मागीलदारी फणसापासून विहिरीच्या खांबापर्यंत बांधलेल्या दोरीवर पांढऱ्या मोज्यांची रांग लागायची. वारा आला की सगळे पाय उचलायचे. शाळेचा युनिफॉर्म, नवरदेवाचे करडे मोजे, म्हाताऱ्यांचे थंडीचे लोकरी, सगळं आमच्या ओटीवरून जायचं. नवरदेव स्वतः यायचा, लाजत पाय पुढे करायचा, आणि मथुरामावशी हमखास विचारायची, "डावा पुढं टाकतोस का उजवा? आताच ठरव, मग बायको ठरवील." मयतासाठी मोजे न्यायला कोणी आलं की मात्र दोघी गप्प. माप विचारायचं नाही. डेल्फिन त्या घराकडे एकदा मान वळवून बघायची आणि हँडल धरायची.

दोघींची गाठ कॉन्व्हेंटच्या शिवणवर्गात पडलेली. एका परदेशी मदरने बोटीतून हे मशीन आणलं होतं, तेव्हाही ते जुनंच होतं. डेल्फिन इथल्याच केळीवाडीतली. मथुरा खाजणापलीकडच्या भाताच्या गावातली, बोळिंजच्या एका वाडीवाल्या हिंदू घरात नुकती सून म्हणून आलेली. ती पाण्याला पानी म्हणायची आणि वर्गातल्या मुली तोंडाला पदर लावून हसायच्या. डेल्फिनही हसायची, हे डेल्फिनच मला सांगते, आणि लगेच म्हणते, "पण मी तिच्या तोंडावर हसत होते. बाकीच्या मागं." मदर परत जायला निघाली तेव्हा तिने सांगितलं, जिला पूर्ण मोजा करता येईल तिला हे मशीन. डेल्फिनला टोक मिटता येईना. मथुरेला टाच वळवता येईना. मदरने डोक्याला हात लावला आणि मशीन दोघींना मिळून दिलं. ठेवलं डेल्फिनकडे, कारण मथुरेच्या सासरी आधीच माणसं मावत नव्हती.

तेव्हापासून दोघींचं तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना. भांडण कशावरूनही व्हायचं. सूत ओलं आहे, सूत सुकं आहे, कालवणात चिंच जास्त आहे. भांडण झालं तरी काम थांबत नसे, कारण काम रोझरीवर चालायचं. हे जरा समजावून सांगते. फेरे मोजायचं मशीनचं चाक केव्हाच तुटलेलं होतं, आणि तोंडाने आकडे मोजत बसणं डेल्फिनला कंटाळवाणं वाटायचं. म्हणून ती हँडल फिरवता फिरवता रोझरी, म्हणजे मारियेच्या प्रार्थनांची माळ, म्हणायची. वरच्या पट्टीपासून घोट्यापर्यंत एक दशक, म्हणजे दहा प्रार्थना, टाच वळली की पुढचं दशक बोटांपर्यंत. डेल्फिन "नमो मारिया" म्हणायची आणि उत्तरादाखल मथुरामावशी "पवित्र मारिये". हो, मथुरामावशीच. दारात तुळस असलेली, गणपतीला उकडीचे मोदक करणारी. तिच्या नवऱ्याने एकदा विचारलं होतं म्हणे, हे काय चालवलंयस? ती म्हणाली, "ती मोजते, मी हूं म्हनते. हूं म्हनायला देव कशाला आडवा येईल?"

तिचं ते "पवित्र मारिये" मला अजून ऐकू येतं. खाजणाकडची माणसं बोलतात तसं लांबवून, शेवटचा शब्द जमिनीवर टेकवून. दुपारी चारच्या सुमारास मी शाळेत शिकवून परत यायची, तर फाटकापासूनच रहाटाची खडखड आणि त्या दोन आवाजांची ये-जा ऐकू यायची. चहा ठेवायच्या आधी मी पायरीवर बसून राहायची थोडा वेळ. घर भरलेलं आहे असं वाटायचं.

मग शाळेने दुकानातले नायलॉनचे मोजे धरले. स्वस्त पडतात, लवकर वाळतात, काय बोलणार. बोळिंजच्या वाड्या गेल्या, तिथे टॉवर उभे राहिले, त्यात मथुरामावशीचं घरही गेलं. तिचा मुलगा मितेश याने विरार पूर्वेला फुलपाड्यात फ्लॅट घेतला. आम्हाला वाटलं, आता संपलं. पण ही बाई फुलपाड्याहून रिक्षाने स्टेशनला, तिथून पूल ओलांडून पश्चिमेला, आणि मग आगाशीच्या बसने आमच्याकडे यायचीच. पिशवीत सुई, चष्मा आणि डेल्फिनशी भांडायचा एखादा नवा मुद्दा. मीही गप्प बसले नाही. फोनवर फोटो टाकून ऑर्डरी आणू लागले. पुण्याच्या, गोव्याच्या, वांद्र्याच्या लोकांना हातमशीनचे सुती मोजे हवे असतात, हे मला आधी खरंच वाटेना. एकदा वांद्र्याच्या जत्रेत आम्ही मशीन घेऊन बसलो होतो, तर एक बाई वाकून विचारते, हे अँटिक आहे का? डेल्फिन म्हणाली, "मीपण हाय. मना घेता?"

असं सगळं बरं चाललं होतं, आणि मग मथुरामावशीची शुगर. चपलेच्या अंगठ्याने पाय घासला, बारीकशी जखम. तिने हळद लावली, कुणाला सांगितलं नाही. जखम काळी पडली. सरकारी इस्पितळात उजवा पाय गुडघ्याच्या खाली कापावा लागला.

डेल्फिन तिला भेटायला गेली तेव्हा मी बरोबर होते. मथुरामावशी पंख्याकडे बघत होती आणि डेल्फिन चादरीकडे, जिथे चादर अचानक सपाट होत होती. परत येताना रिक्षात डेल्फिन एवढंच म्हणाली, "तिचा डावा पुढं पडायचा."

जखम भरल्यावर एका ट्रस्टच्या शिबिरात तिला कृत्रिम पाय मिळाला. चांगला होता. मितेश खूश झाला, मी खूश झाले, फादरांनी फोन करून विचारपूस केली. मथुरामावशीने तो पाय मोजून चार-पाच दिवस घातला आणि माळ्यावर टाकून दिला. "पाय माळ्यावर, मी खाटेवर," ती मितेशला म्हणाली, "दोघं सुखात." खाटेवरून न्हाणीघर, न्हाणीघरावरून खाट, तेही मितेशच्या खांद्याला धरून. ज्या बाईला चौकातून सुटणारी बस धावत पकडताना मी पाहिलं होतं, ती बाई खिडकीसुद्धा उघडेना.

तिच्या आजारपणापासून रहाट बंदच होता. डेल्फिनने आधी विणून ठेवलेल्या मोज्यांची पिशवी तिच्याकडे टोकं मिटायला पाठवली. तिला वाटलं, हाताला काम लागलं की मन लागेल. पिशवी जशीच्या तशी परत आली. मितेश मान खाली घालून म्हणाला, "आई म्हणते, देवानं माझा पाय नेला, आता मी लोकांच्या पायांची टोकं मिटत बसू?" डेल्फिनने पिशवी घेतली. "बरं," म्हणाली. त्या दिवशीही रहाट चालला नाही.

दुसऱ्या दिवसापासून चालू लागला, आणि तेव्हा गंमत सुरू झाली. गंमत म्हणते, पण तेव्हा माझी झोप उडाली होती. मोजे आखूड होऊ लागले. सगळेच, दोन बोटांनी आखूड. पुण्याच्या एका नवरदेवाने फोटो पाठवला, मोजे बुटाच्या आत गडप. वर तो लिहितो, टोकाला टोचतंय. टोचणारच, टोकं आता डेल्फिन मिटत होती आणि ती पोतं शिवल्यासारखी शिवत होती. मी टेप घेऊन तिच्यापुढे बसले, तर ती चिडली. "मना मापं शिकवतं? तुझ्या नवऱ्याच्या पायाला मी जन्माच्या आधीपासून ओळखते." डोळे तपासून आणले, डोळे ठीक. सूत बदललं, मोजे आखूडच.

शेवटी एके दुपारी मी काही न बोलता पायरीवर बसून ऐकलं. डेल्फिन "नमो मारिया" म्हणत होती आणि उत्तरही स्वतःच म्हणत होती. पण ते उत्तर तिचं नव्हतंच ना. इतकी वर्षं तिने ते म्हटलेलंच नव्हतं. ती ते भराभरा उरकून पुन्हा आपल्या अर्ध्याकडे धावत होती. मथुरामावशीचं लांबवलेलं "पवित्र मारिये" जिथे असायचं, तिथे काहीच नव्हतं, आणि तेवढे फेरे प्रत्येक मोज्यातून गळत होते. मी म्हटलं, आय, मी देते उत्तर. दिलं. माझी जीभ शाळामास्तरणीची, घंटेबरोबर पळणारी. मोजे आणखी आखूड झाले. आम्ही दोघी त्या मोज्यांकडे बघून हसलो, आणि मग डेल्फिन उठून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

आता खरी गोष्ट सांगते. मितेशचा फोन आला होता. पाय का घालत नाही हे त्याने आईला खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं. कृत्रिम पायाच्या आत, उरलेल्या पायावर, एक मोजा चढवावा लागतो. शिबिरात दिलेल्या मोज्याच्या टोकाला जाड जोड होता. तो नेमका हाडाच्या टोकावर येत होता आणि फोड आला होता. शुगरच्या माणसाला फोड म्हणजे काय, हे ती भोगून बसली होती. पुन्हा जखम झाली तर पुन्हा कापतील, आणखी वरून. ती घाबरली होती. एवढी जिभेची तलवार चालवणारी बाई घाबरली होती आणि लाज वाटून कोणाला सांगत नव्हती.

मी हे संध्याकाळी भात वाढताना डेल्फिनला सांगितलं. तिचा हात ताटातच थांबला.

"जोड टोचतो म्हणं तिना?"

"हो."

"सगळ्या गावाच्या पायाचा जोड जिनं मिटला," डेल्फिन म्हणाली, "तिनाच जोड टोचतो?" आणि एवढी रागावली की जेवली नाही. कुणावर रागावली होती देव जाणे. मला वाटतं, देवावरच.

सकाळी ती रहाटाशी बसली. बाळांच्या मोज्यांसाठी ठेवलेलं मऊ सूत काढलं. टाक्यांचा ताण घट्ट-सैल करणारा एक स्क्रू मशीनला आहे, तो ती सहसा कोणाला हात लावू देत नाही. तोच ती सारखा फिरवू लागली. वर सैल, खाली जरा घट्ट. टाच नाही. टाचेच्या जागी सरळ नळी, आणि शेवटी फक्त टोपीसारखा एक खळगा. असला प्रकार तिने जन्मात केला नव्हता. पहिला बेडकाच्या तोंडासारखा झाला. दुसरा तिने आपल्या हातावर चढवला, कोपरापर्यंत, मूठ वळून. मितेशकडून मी मापं मागवली होती, ती तिने ऐकून घेतली आणि मग आपल्या मुठीलाच विचारत बसली. एक जमला तेव्हा त्याचं टोक तिने स्वतः मिटलं, पुन्हा मुठीवर चढवलं आणि मूठ मेजावर दाबून धरली, अंगाचा भार टाकून. मोजा काढला तर बोटांच्या पेरांवर लाल रेघ उमटलेली.

"माझ्या हाताला लागतंय," ती म्हणाली. "तिच्या पायाचं काय होईल?" तिने टोक उसवलं. मोकळे टाके दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यात ओवून ठेवले, निसटू नयेत म्हणून. मग मला म्हणाली, "रविवारी चर्चातल्या मिस्सानंतर फुलपाड्याला जायचं. तिना काही सांगायचं नय."

"सांगितलं नाही तर ती मिटेल कशाला? पिशवी तर परत पाठवली तिने."

"पाठवली कारण आत टोकं उघडी होती. आता मी मिटलेली नेते."

मला तेव्हा काही उमगलं नाही. फुलपाड्याला पोचल्यावर उमगलं.

मथुरामावशी खाटेवर भिंतीला टेकून बसलेली. बारीक झाली होती. केस विंचरलेले नव्हते, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलं. मितेशने चहा ठेवला. डेल्फिनने वाडीतली पडवळं काढून ठेवली, कोण आजारी आहे, कोणाच्या पोरीचं जमलं, असल्या चार गोष्टी केल्या. मग सहज म्हणून पिशवी खाटेवर उपडी केली. वर तिने स्वतः मिटलेले नवरदेवाचे मोजे होते. मुद्दाम सगळ्यात वाईट निवडून आणले होते. बाकीच्यांची टोकं उघडी.

"बघ गं," ती म्हणाली, "जमतंय आता मना."

मथुरामावशीने बघायचं नाही असं ठरवलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण नजर गेलीच. एक मोजा उचलला. आत बोट घातलं. आणि त्या बाईच्या कपाळावर जी आठी पडली, ती बघून मला इतका आनंद झाला की काय सांगू.

"हे काय हाय?"

"मोजा."

"मोजा? बटाट्याचं पोतं शिवलंस का? कोनाचा नवरा हाय हा? लग्नात लंगडत जाईल तो!" आणि मग तिची जीभ थांबली. लंगडत हा शब्द खोलीत तसाच राहिला. चहाचा गॅस मितेशने बंद केला. डेल्फिन जागची हलली नाही.

"तर मग तू कर नीट," ती म्हणाली. "माझी अक्कल एवढीच."

मथुरामावशीने तो मोजा मांडीवर पसरला. मग मितेशला म्हणाली, "माझा चष्मा."

सुई तिच्या उशाखालीच होती. हे मितेशलाही माहीत नव्हतं. तिने नवरदेवाचे मोजे उसवले, मिटले, डेल्फिनला शिव्या घातल्या, दुसरे घेतले. हात चालायला लागला तसा आवाजही वर आला. मग तिच्या हाताला तो मोजा आला. टोकाकडूनच धरला होता, म्हणून तिने रंगीत दोरा ओढून काढत सवयीने मिटायला घेतला. समोरासमोर टाके, एक इकडचा, एक तिकडचा. मिटून झाला. ताणून बघितला. दुसऱ्या हाताने त्याची लांबी चाचपली आणि हात मागे मागे जात राहिला.

"याला टाच कुठाय?"

मी काही तरी गोड बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात डेल्फिन म्हणाली,

"तुझ्या पायाला हाय का टाच?"

मला वाटलं, आता ही सुई फेकून मारणार. मितेश दारात दगडासारखा उभा. मथुरामावशीने त्या मोज्याकडे पाहिलं, मग डेल्फिनकडे. इस्पितळात ती रडली नव्हती, पाय कापल्यावर नाही, बोळिंजचं घर पाडताना नाही. आता रडली. मोठ्याने, पोरासारखी, मोजा तोंडाशी धरून. डेल्फिनने तिला जवळ घेतलं नाही. त्या दोघींची तशी रीत नाही. ती फक्त खाटेच्या कडेवर सरकून बसली, आणि मथुरामावशीचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागला.

रडून झाल्यावर मथुरामावशीने पदराने नाक पुसलं, चष्मा पुसला, मोजा पुन्हा हातात घेतला. आत बोट घातलं आणि जिथे माझ्या बोटाला काही सापडलं नसतं तिथे तिचं बोट थांबलं. तिने सुईच्या टोकाने नुकतंच मिटलेलं ते सगळं उसवून टाकलं.

"का गं?" मी न राहवून विचारलं. "छान तर झालं होतं."

"छान बोटांसाठी झालं होतं," ती म्हणाली. "बोटं सरकून घेतात. हाड सरकत नाय."

आणि पुन्हा मिटायला बसली. या वेळी अगदी हळू. प्रत्येक टाका ओढायचा, जरासा परत सोडायचा, वरून अंगठ्याने चोळायचा. सगळ्या गावाची टोकं मिटणाऱ्या या बाईच्या पायात मी मोजा कधी पाहिलाच नव्हता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. चप्पल, नाहीतर अनवाणी. हा तिचा पहिला.

"माळ्यावरून काढ," ती मितेशला म्हणाली.

त्याने पाय काढला, धूळ पुसली. तिने साडी जरा वर घेतली. आम्ही बायाच होतो, मितेशने भिंतीकडे तोंड केलं. मोजा वर चढवताना तिने डोळे मिटले होते. मग पाय बसवला, पट्टे ओढले, भिंतीला धरून उभी राहिली. डेल्फिन उठली नाही, मदतीला हातही केला नाही, पण तिच्या मांडीवर तिच्या मुठी वळलेल्या होत्या. मथुरामावशी खिडकीपर्यंत गेली. थांबली. भार टाकून पाहिला, एकदा, पुन्हा एकदा. खिडकीची कडी काढली. खालून रिक्षांचा आणि भाजीवाल्याचा आवाज आत आला.

"टोचत नाय," ती म्हणाली.

तेव्हा डेल्फिन रडली. माझे सासरे सॅन्टन वारले तेव्हासुद्धा लोकांसमोर न रडलेली डेल्फिन, त्या खाटेवर बसून, नवरदेवाच्या करड्या मोज्याने डोळे पुसत.

"रडतेस काय?" मथुरामावशी परत येऊन खाटेवर बसली, धापा टाकत. "आनि याची जोड कुठंय? दुसरा पाय माझा उघडाच. एकाच पायात मोजा घालून फिरू मी?"

"करते ना. घरी गेल्यावर लगेच करते."

"तू एकटी नको करूस. आखूड करशील. मितेशनं दाखवले मला फोनवर तुझे ते मोजे, लाज आनलीस." तिने पडवळांची पिशवी स्वतःकडे ओढली, एक पडवळ काढून वास घेतला, परत ठेवलं. "उद्या मी येते. टाचेचा मोजा दोघी बसून करू."

मितेश दारातून पुढे आला. "आई, उद्या सोमवार. मला सुट्टी नाही मिळणार. रविवारी नेतो तुला, गाडी करून."

"तुला कोनी बोलावलंय?" मथुरामावशी म्हणाली. "मी माझ्या पायानं जाईन."